टेक्सासच्या हिल कंट्रीत मुलांसोबत: स्प्रिंग ब्रेकला नदी आणि धबधबे बघायला जाताना

धबधबा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जुलै महिना येतो. भुशी डॅमच्या पायऱ्यांवर पाण्यात बसलेली माणसं, भाजलेल्या कणसाचा वास, अंगाला चिकटलेले ओले कपडे. टेक्सासात पहिल्यांदा धबधबा बघायला निघणार असाल तर हे चित्र घरी ठेवून निघा. इथे धबधबा बघायचा तो मार्चमध्ये, कोरड्या उन्हात. तो ठोसेघरसारखा कड्यावरून कोसळत नाही, बऱ्याचदा दगडाच्या पायऱ्यापायऱ्यांवरून उतरतो. आणि आभाळ भरून आलं असेल तर आपण तिकडे जायचंच नाही. आपल्याकडे पाऊस हे धबधब्याला जायचं कारण असतं, इथे ते न जायचं कारण आहे. नव्याने आलेल्या मंडळींना हे सगळ्यात आधी सांगावंसं वाटतं, कारण सवय पायात मुरलेली असते.

हिल कंट्री म्हणजे ऑस्टिन आणि सॅन अँटोनियोच्या पश्चिमेचा टेकड्यांचा मुलूख. आम्ही ऑस्टिनजवळ राहतो आणि मुलं बालवाडीत होती तेव्हापासून जवळजवळ दर स्प्रिंग ब्रेकला, म्हणजे शाळांच्या वसंतातल्या सुट्टीला, नदीवर जातो. त्या अनुभवावरून हे लिहिते आहे. डॅलस, ह्यूस्टन, सॅन अँटोनियोकडच्या कुटुंबांनाही हेच लागू पडेल. ऑस्टिनपर्यंतचं अंतर ह्यूस्टनहून साधारण १६५ मैल आणि डॅलसहून १९५ मैल धरा.

पहिलं काम: शाळेचं कॅलेंडर आणि पास

टेक्सासातल्या बऱ्याच शाळांचा स्प्रिंग ब्रेक मार्चच्या मध्यावर, एकाच आठवड्यात येतो. म्हणजे तुम्ही निघालात त्या दिवशी निम्मं राज्य निघालेलं असतं. त्यामुळे पहिली पायरी नकाशा उघडण्याची नाही, पास काढण्याची.

खाली सांगितलेल्या चारही जागा राज्य सरकारच्या उद्यानांत, म्हणजे स्टेट पार्कांत आहेत. दिवसभरासाठी जायचं असेल तर टेक्सास स्टेट पार्कच्या वेबसाइटवरून डे पास महिनाभर आधीपासून काढता येतो. मुक्कामाच्या जागा पाच महिने आधीपासून मिळतात. याचा अर्थ, मार्चमध्ये राहायचं असेल तर ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या धांदलीतच बुकिंगला बसायचं. पहिल्या वर्षी आम्हाला हे ठाऊक नव्हतं. सकाळी आरामात नाश्ता करून निघालो, साडेअकराला एका पार्कच्या गेटवर पोचलो. तिथे ‘पार्क फुल’ असा बोर्ड आणि त्याच्या पलीकडून येणारा पाण्याचा आवाज. मागच्या सीटवर दोन्ही मुलं पोहण्याचे कपडे घालून बसलेली. त्यांची समजूत काढता काढता परतीचा रस्ता लांबच लांब झाला.

प्रवेश फी प्रौढांना माणशी काही डॉलर असते आणि पार्कानुसार बदलते. १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना फी नाही. वर्षाचा पास ७० डॉलरचा असतो आणि त्यावर तुमच्या गाडीतल्या सगळ्यांचा प्रवेश होतो. भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे आले असतील तर हा पास घ्याच. ज्येष्ठांची सवलत टेक्सासच्या रहिवाशांसाठी आहे, पाहुण्यांना पूर्ण फी पडते. गाडीत चार मोठी माणसं असली की तीन-चार फेऱ्यांत पैसे वसूल होतात. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा: वर्षाचा पास हातात असला तरी त्या दिवसाचं बुकिंग वेगळं करा, नाहीतर पार्क भरलं की आत सोडत नाहीत. इथे खूपजण फसतात.

जागा कोणती निवडायची

हे मुलांच्या वयावर आणि आजी-आजोबांच्या गुडघ्यांवर अवलंबून आहे. एकाच सहलीत सगळं बघायचा हट्ट नको.

अगदी पहिल्यांदा जाणार असाल, मुलं पाच वर्षांच्या आतली असतील, तर मॅकिनी फॉल्स. हे ऑस्टिन शहरातच आहे. अनियन क्रीक नावाचा ओढा चुनखडीच्या सपाट दगडांवरून वाहत येतो आणि दोन ठिकाणी खाली उतरतो, वरचा धबधबा आणि खालचा धबधबा. वरचा तर पार्किंगपासून चार पावलांवर. धबधबे बुटके आहेत, पण भोवतालचा दगड इतका रुंद आणि मोकळा पसरलेला आहे की मुलं तासन् तास त्यावरच्या डबक्यांत रमतात. रांगतं मूल असेल, झोपेची वेळ सांभाळायची असेल, तर दोन-तीन तासांत घरी परत येता येतं. मोठ्या सहलीची रंगीत तालीम म्हणून ही जागा उत्तम.

दुसरी जागा पेडर्नेलिस फॉल्स, माझी सगळ्यात लाडकी. ऑस्टिनहून तासाभराचा रस्ता, जॉन्सन सिटीच्या पूर्वेला. पेडर्नेलिस हे स्पॅनिश नाव गारगोटीवरून पडलेलं आहे आणि गंमत म्हणजे स्थानिक लोक त्याचा उच्चार ‘पर्डनॅलिस’ असा करतात. पार्किंगपासून थोडं चाललं की उंचावरून नदी दिसते. सुमारे ३,००० फूट लांबीत ती एकूण ५० फूट खाली उतरते, म्हणजे घाटावरच्या पायऱ्या उतरल्यासारखी. तिरपे, एकावर एक सरकलेले चुनखडीचे थर आणि त्यांच्या फटींतून वाट काढणारं हिरवट पाणी. दगड तीस कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाचा आहे. मुलांना दगडावर बसवून हे सांगा आणि मग हात फिरवू द्या. पाण्याने घासून काढलेला भाग पाट्याइतका गुळगुळीत लागतो आणि वीतभर पलीकडे तोच दगड खरखरीत. आमची धाकटी डोळे मिटून बोटांनी ती सीमा शोधत बसली होती, तिला उठवता उठवेना.

पण ऐका: या धबधब्याच्या पट्ट्यात पाण्यात उतरायला बंदी आहे. पाय बुडवायलासुद्धा. डुंबायची जागा वेगळी, नदीच्या खालच्या अंगाला आहे आणि तिथे पोचायला उतार उतरून चालावं लागतं. म्हणून सकाळी धबधबा बघायचा, डबा खायचा आणि दुपारी ऊन तापल्यावर खाली पाण्यात जायचं, हा क्रम चांगला. आजी-आजोबांना वरून नजारा दिसतो तिथे बसवा, उतार त्यांच्यावर लादू नका. त्यांना आवड असेल तर जवळच स्टोनवॉलला, याच नदीच्या काठी, १९६३ ते १९६९ या काळात अमेरिकेचे अध्यक्ष असलेल्या लिंडन जॉन्सन यांचं शेत आणि घर राष्ट्रीय स्मारक म्हणून जपलेलं आहे. तिथे गाडीतून फिरता येतं.

तिसरी जागा कोलोरॅडो बेंड, आणि ही नऊ-दहा वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी. ही कोलोरॅडो नदी म्हणजे ग्रँड कॅन्यनवाली नव्हे, टेक्सासातच उगम पावणारी आणि ऑस्टिनमधून वाहणारी. इथला गॉर्मन फॉल्स मात्र खरा आपल्या कल्पनेतला धबधबा: सुमारे ७० फूट उंच, शेवाळ आणि नेच्यांनी मढलेला. झऱ्याच्या पाण्यावर वाहतो, म्हणून बारा महिने जिवंत असतो. पाण्यात विरघळलेला चुना थराथराने साचून कड्यावर दगडी झालरी तयार झाल्या आहेत. त्या अजूनही वाढताहेत आणि ठिसूळ आहेत, म्हणून त्यांना हात लावायचा नाही आणि तिथे पाण्यात उतरायचं नाही. जाताना दीड मैल आणि येताना दीड मैल, सगळी वाट खडकाळ आणि बिनसावलीची. शेवटचा उतार तर पावलांनी घासून गुळगुळीत झालेल्या दगडाचा आहे, आधाराला धरायची सोय केली आहे ती धरूनच उतरायचं. बाबागाडी इथे निरुपयोगी. लहान मूल असेल तर त्याला बसवून न्यायची पाठीवरची पिशवी हवी.

ऑस्टिनहून इथे पोचायला दोन तास लागतात. वाटेत लँपॅससला पेट्रोल भरा, पाणी आणि बर्फ घ्या, नकाशा फोनवर उतरवून ठेवा. पुढे दुकानाचा भरवसा नाही आणि फोनला रेंज नाही.

चौथी जागा गार्नर, राहायला जाण्याची. फ्रिओ नदीचा जवळजवळ तीन मैलांचा काठ या पार्कात आहे. फ्रिओ म्हणजे स्पॅनिशमध्ये थंड, आणि मार्चमध्ये पाण्यात पाय घातला की नावाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. १९३० च्या दशकातल्या मंदीत बेकार तरुणांना काम देण्यासाठी सरकारने जी योजना काढली, तिच्यातल्या मुलांनी इथल्या दगडी इमारती बांधल्या आणि १९४१ मध्ये पार्क उघडलं. इथे धबधबा नाही, पण काठावरचे सायप्रसचे जुने वृक्ष आणि तळाचा गोटा न् गोटा दिसणारं पाणी आहे. सॅन अँटोनियोहून दीड-दोन तास, ऑस्टिनहून तीन तास.

पाण्याचा आकडा बघायला शिका

या लेखातला हा भाग तरी नीट वाचा.

हिल कंट्रीला ‘फ्लॅश फ्लड अ‍ॅली’ म्हणतात. जमिनीवर मातीचा थर पातळ आणि त्याखाली चुनखडीचा कातळ. मेक्सिकोच्या आखाताकडून आलेली दमट हवा इथल्या टेकड्यांच्या कडेला वर चढते, ढग एका जागी अडकून कोसळतात आणि पाणी जमिनीत न मुरता थेट नदीत उतरतं. ४ जुलै २०२५ च्या पहाटे ग्वाडलूप नदीला आलेल्या पुरात शंभराहून अधिक माणसं गेली. उन्हाळी शिबिराला आलेल्या लहान मुली त्यात होत्या. त्या आठवड्यात इथल्या प्रत्येक घरात हाच विषय होता. नदीवर जाणं कोणी सोडलेलं नाही, सोडूही नये, पण ती कशी वागते ते माहीत करूनच जावं.

अमेरिकन भूगर्भ सर्वेक्षण खात्याने नद्यांवर मोजमापाची यंत्रं बसवली आहेत. त्यांच्या वेबसाइटवर ‘पेडर्नेलिस, जॉन्सन सिटी’ असं शोधलं की सेकंदाला किती घनफूट पाणी वाहतंय त्याचा आलेख दिसतो. निघायच्या आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी तो बघायचा. आकडा लक्षात राहिला नाही तरी चालेल, रेषेचा आकार बघा. रेषा आडवी किंवा हळूहळू उतरणारी असेल तर ठीक. वर चढत असेल तर बेत रद्द, मग भले ऑस्टिनमध्ये लख्ख ऊन का असेना. रेषा अगदी तळाला असेल तर दुष्काळाचे दिवस आहेत, धबधबा करंगळीएवढा झालेला असेल. तेव्हा मुलांना आधीच सांगून ठेवा, किंवा झऱ्यावर चालणाऱ्या गॉर्मन फॉल्सकडे वळा.

दुसरं, नदीच्या वरच्या अंगाचं हवामान बघा. पेडर्नेलिस फ्रेडरिक्सबर्गकडून, स्टोनवॉल आणि जॉन्सन सिटीवरून पार्कात येते. म्हणजे तुम्हाला हवामान बघायचंय ते फ्रेडरिक्सबर्गचं. तिथे पहाटे वळीव झाला असेल तर दुपारी पार्कात निळ्या आभाळाखाली पाणी चढू शकतं. ‘फ्लॅश फ्लड वॉच’ म्हणजे पूर येण्यासारखी परिस्थिती आहे, ‘वॉर्निंग’ म्हणजे तो आलाय किंवा येऊ घातलाय. वॉच असेल त्या दिवशीही आम्ही मुलांना नदीवर नेत नाही. रेंज नसलेल्या पार्कात फोनवर अलर्टही येत नाही, म्हणून बॅटरीवर चालणारा हवामानाचा छोटा रेडिओ गाडीत ठेवा.

पाण्याच्या काठी असताना चार गोष्टींकडे लक्ष असू द्या: स्वच्छ पाणी अचानक गढूळ होणं, काड्या-पाचोळा वाहत येणं, पाण्याचा आवाज वाढणं आणि मघाशी कोरडा असलेला दगड ओला दिसणं. यातलं एक जरी दिसलं तरी चपला, टॉवेल, डबा, सगळं तिथेच टाकून मुलांना उचलायचं आणि उंचावर जायचं. पेडर्नेलिसला भोंगा आहे. तो वाजला तर सामान आवरत बसू नका.

परतीच्या रस्त्यावरही हेच. हिल कंट्रीतले बरेच छोटे रस्ते ओढ्यांवरून जातात ते आपल्याकडच्या फरशीपुलांसारखे, कठड्याशिवाय. कडेला पांढरा खांब असतो, त्यावर फुटांचे आकडे: १, २, ३, ४, ५. मुलांना तो खांब मुद्दाम दाखवा. पाच या आकड्यापर्यंत पाणी चढतं म्हणूनच तो तिथे रंगवलेला आहे. सहा इंच वाहतं पाणी मोठ्या माणसाचे पाय उचलतं, एक फूट पाण्यात छोटी गाडी वाहून जाऊ शकते आणि दोन फुटांत बहुतेक गाड्या. फरशीवर पाणी असेल तर गाडी वळवा. इथलं सरकारी घोषवाक्यही तेच आहे, ‘टर्न अराउंड, डोन्ट ड्राउन’.

सामान

मार्चमध्ये दुपारी हवा बावीस-तेवीस अंशांपर्यंत जाते आणि रात्री आठ-दहापर्यंत उतरते. मध्येच उत्तरेचा वारा सुटला तर तासाभरात हुडहुडी भरते. म्हणून उन्हाची टोपी आणि स्वेटर दोन्ही घ्या. सगळ्यांसाठी कपड्यांचा एक कोरडा जोड गाडीतच ठेवा, मोठ्यांसाठीसुद्धा. मोठी माणसं स्वतःचा जोड विसरतात आणि मुलांना वाचवताना पहिली तीच भिजतात.

पायात चप्पल किंवा फ्लिपफ्लॉप नको. शेवाळलेला चुनखडीचा दगड साबणासारखा असतो. पाण्यात घालायचे खास बूट किंवा जुने स्पोर्ट्स शूज चालतील. पोहता न येणाऱ्या मुलांना काठावरही लाइफ जॅकेट घाला. अनेक पार्कांत ती वापरायला फुकट मिळतात, पण मुलाच्या मापाचं असेलच असं नाही, स्वतःचं असलेलं बरं. दंडाला बांधायचे हवेचे फुगे तरणतलावात ठीक, वाहत्या पाण्यात त्यांच्यावर विसंबू नका.

डब्याच्या बाबतीत आपल्या आज्यांनी हा प्रश्न केव्हाच सोडवलेला आहे. दुधात भिजवलेल्या दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या, सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि लोणचं. गरम करावं लागत नाही आणि दोन दिवस टिकतं. पोहे आम्ही नेऊन बघितले, ते दुपारपर्यंत कोरडे पडतात. भडंग मात्र न्याच. चालून थकलेल्या मुलांना पुढच्या वळणापर्यंत नेण्याची ताकद त्याच्यात आहे. थर्मासमध्ये चहा घ्या. गुढीपाडवा कधी कधी याच आठवड्यात येतो, जसा २०२६ मध्ये १९ मार्चला आला. त्या वर्षांत श्रीखंड बर्फाच्या पेटीत घालून नदीकाठी खायला हरकत कसली?

पाणी माणशी दोन लिटर, कोलोरॅडो बेंडला अजून जास्त. काचेच्या बाटल्या नकोत. दारू पार्कात चालत नाही. शेगडी पेटवून कणसं भाजायचा बेत असेल तर आधी चौकशी करा: मार्चमध्ये वारा आणि कोरडं गवत असल्याने आगीवर बंदी लागू असण्याची शक्यता बरीच असते. गॅसच्या छोट्या स्टोव्हला सहसा परवानगी असते, तरी गेटवर विचारूनच पेटवा.

पार्कात पोचल्यावर

आधी ऑफिसात जा. कागदी नकाशा घ्या आणि रेंजरला सरळ विचारा, ‘आज पाणी कसं आहे, मुलांना कुठे उतरवू?’ वेबसाइटवर नसलेली माहिती त्यांच्याकडे असते आणि ते आनंदाने सांगतात. बऱ्याच पार्कांत मुलांना दुर्बीण, भिंग, पक्ष्यांची माहितीपत्रकं असलेली पाठीवरची पिशवी दिवसभरासाठी वापरायला मिळते. मासेमारीची हौस असेल तर स्टेट पार्कच्या हद्दीत काठावरून गळ टाकायला लायसन्स लागत नाही.

चटई पसरण्याआधी जमीन बघा. भुसभुशीत मातीचा उंचवटा म्हणजे फायर अँटचं वारूळ. लाल, बारीक मुंग्या एकदम पायावर चढतात, चावा जळजळतो आणि दुसऱ्या दिवशी पुळ्या येतात. तीन-तीन पानांच्या जुडीची वेल दिसली तर हात लावू देऊ नका, ती पॉयझन आयव्ही. निवडुंग सगळीकडे आहे, म्हणून चिमटा जवळ हवा. सापही असतात, बऱ्याचदा दगडांच्या फटीत. मुलांना एवढंच शिकवा: दिसत नाही तिथे हात किंवा पाय घालायचा नाही.

आणि थोडा वेळ पाण्याकडे पाठ करून झाडांकडे बघा. पिवळ्या गालांचा एक चिमुकला पक्षी, गोल्डन-चीक्ड वॉर्बलर, मार्चमध्येच दक्षिणेकडून इथे येतो. जगात तो फक्त टेक्सासात घरटी बांधतो, आणि तीही जुन्या सीडरच्या झाडाची सुटलेली साल कोळ्याच्या जाळ्याने विणून. पेडर्नेलिसला पक्षी बघायला आडोसा बांधलेला आहे. तिथे सकाळी दहा मिनिटं गप्प बसायची पैज लावा. आमच्याकडे ही पैज नेहमी आजोबा जिंकतात.

मुक्काम करायचा असेल तर

पहिल्याच वर्षी तंबूचा आग्रह नको. गार्नरला केबिन आहेत आणि ‘स्क्रीन्ड शेल्टर’ आहेत. शेल्टर म्हणजे चार भिंती, वर छप्पर आणि खिडक्यांना नुसती जाळी. अंथरूण-पांघरूण आपलं, संडास-बाथरूम बाहेर सामायिक. मार्चच्या रात्री त्या जाळीतून वारा येतो, म्हणून घरातल्या जाड गोधड्या न्या. तंबूच्या जागेवर आठजणांपर्यंत राहता येतं, म्हणजे दोन छोटी कुटुंबं एका जागेत मावतात. रात्री दहानंतर आवाज बंद. अंताक्षरी त्याच्या आत आटपा.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात, त्यामुळे या आठवड्यात सूर्य साडेसातनंतर मावळतो. शेवटच्या दिवशीही घाई न करता पाचपर्यंत पाण्यात राहता येतं आणि अंधार पडायच्या आत फरशीपूल ओलांडून मोठ्या रस्त्याला लागता येतं. गाडीत बसवण्यापूर्वी मुलांचे कान, काखा आणि गुडघ्यांच्या मागची बाजू गोचिडींसाठी तपासा, ओले बूट वेगळ्या पिशवीत बांधा आणि मुलांचे खिसे रिकामे करा. पार्कातला दगड घरी न्यायला बंदी आहे. दरवर्षी आमच्या कोणाच्या तरी खिशात एक गुळगुळीत गोटा निघतोच, आणि तो परत नदीत कोण टाकणार यावर पाच मिनिटं जातात.